काचेवरचा हात

जहाजावर कामाला असलेला रोडेल फोनवर दिसला की आधी कपाळ पुढे करायचा. थोरांचा हात आपल्या कपाळाला लावून घ्यायचा, ही फिलिपिन्समधल्या इलोइलोतली रीत. लोला, म्हणजे आजी, पासिता लगेच काचेवर दिसणाऱ्या लेकाच्या कपाळावर हात टेकवायची, आणि फोन कट व्हायचा.

"केलास ना परत बाबांचा फोन कट?" नात लिगाया चिडायची. "लोला, काचेत बारीकशी वीज असते. कातडी लागली की ती तिकडे ओढली जाते, मग काचेला वाटतं कुणी बटण दाबलं. बोट काय नि आशीर्वाद काय, तिला सगळं सारखंच."

"मग तुझी काच अडाणीच म्हणायची," आजी म्हणाली. पण त्या दिवसापासून ती हाताला जाड रुमाल गुंडाळून आशीर्वाद देऊ लागली. फोन चालू राहायचा.

यंदा पावसाळ्यात रोडेल घरी आला. बाहेरच्या खोलीत ठेवलेल्या शवपेटीच्या काचेखाली त्याचा चेहरा दिसत होता. पासिता जवळ गेली आणि हाताला रुमाल गुंडाळू लागली.



लिगायानं तो हळूच सोडवला. "राहू दे, लोला. आता नुसता हात लावलास तरी चालेल."