पहिला घास

सासूबाईंची ओली चादर मी बादलीत टाकत होते, तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन दारात उभे. चर्चमध्ये सगळ्यांना मिळणारा हा पवित्र घास अंथरुणाला खिळलेल्यांना ते घरी जाऊन देतात.

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. "सात महिने चर्चला दिसला नाहीत, एस्तेरताई. थोडा वेळ देवाच्या सेवेलाही काढा की!"

मी हात धुतले. साहेबांनी डबीतून भाकरीचा तुकडा काढला. एकच आणला होता. माझी आठवण कुणालाच झाली नव्हती.

प्रार्थना झाली. त्यांनी तुकडा सासूबाईंच्या ओठांशी नेला. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटलं. पुन्हा नेला, पुन्हा तेच.

"त्या नाही घ्यायच्या," मी वैतागून म्हणाले. "एकदा पेजेनं जीभ भाजली, तेव्हापासून मी आधी चाखल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. दिवसातून तीनदा हेच चालतं माझं!"

साहेबांच्या पत्नी खाली बघू लागल्या. साहेबांनी तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मी खाल्ला.

"गार आहे हो, आई," मी म्हणाले.

सासूबाईंनी आ केला.