यदुल्लाची नक्कल

"पुन्हा कर ना ती," जासिम म्हणाला. यदुल्लाने चहाचा पेला खाली ठेवला, मान वर केली आणि छताकडे बघत, नाकातून, मोडक्या फारसीत बोलला, "मी तुमच्या कायद्यात बसत नाही. माझ्या वकिलातीला विचारा."

इराणातल्या मोहम्मरा बंदरावरचा अख्खा चहाखाना हसून लोळला. एका म्हाताऱ्याच्या दाढीत चहा सांडला, तरी तो हसतच राहिला.

मागे एका परदेशी साहेबाच्या मोटारबोटीने यदुल्लाचा भाऊ करामत नावेसकट चिरडला होता. साहेब काजीसमोर हेच वाक्य बोलला आणि सुटला. परक्यांवर इथल्या न्यायालयात खटला चालत नसे; आज तेहरानने ती सवलत मोडीत काढली होती. बाजारात दिवे लागले होते. जासिम नदीपलीकडून, इराकातल्या बसऱ्याहून, खजुरांची टोपली घेऊन खास अभिनंदनाला आला होता. वल्ही मारायला त्याचा धाकटा भाऊ खलफ.

"नशीबवान आहात," जासिम म्हणाला. "आमच्याकडे साहेब अजून तसेच. वर तुमचं सरकार म्हणतं, बसऱ्यात इराण्यांनाही तीच सवलत द्या. इथे जाळायची आणि तिथे मागायची?"

"सरकारला लाज नाही," यदुल्ला म्हणाला. "ते सोड. माझा साहेब कुठाय?"

"कालच पळाला. आमच्या धक्क्यावरच्या वखारीत बसलाय. पण यदुल्ला, तू तिकडे..."

"करामतला का मारलंस, एवढंच विचारायचंय. त्याच्या तोंडून ऐकायचंय."

खलफ उठलाच. "चला दादा, मी सोडतो. नक्कल पाहिली, आता अस्सल माल बघू."

वखारीच्या दारात यदुल्लाने विचारलं. साहेबाने त्याला ओळखलंसुद्धा नाही. "कोण करामत?" म्हणाला. यदुल्लाने वल्हं उचललं. "दादा, नको," म्हणत खलफ मध्ये आला. साहेब वाकला. खलफला वाकायला वेळ मिळाला नाही.

बसऱ्याच्या न्यायालयात जासिम खलफचा डोक्याचा रुमाल मुठीत धरून उभा होता.

"हा माझा दोस्त आहे," तो न्यायाधीशाला म्हणाला. "फाशी मागत नाही मी. माझ्या भावाला का मारलं, एवढं त्याच्या तोंडून ऐकू द्या."

न्यायाधीशाने यदुल्लाला बोलायला सांगितलं.

यदुल्लाने मान वर केली आणि छताकडे बघत, मोडक्या अरबीत बोलला, "मी तुमच्या कायद्यात बसत नाही. माझ्या वकिलातीला विचारा."