आबा मरायला तयार नाहीत

पानं हातात पडली तेव्हा आबांच्या अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप लागला होता. सीन सतरा, दिवाणखाना, सकाळ. आबा सोफ्यावरून उठतात, छातीवर हात ठेवतात, कोसळतात. त्यापुढे कंसात एकच शब्द होता: मृत्यू.

आबांनी मेकअपमनचा हात बाजूला सारला, उठून दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा आरशासमोर येऊन बसले.

मालिकेत ते घरातले आबा होते. चार वर्षांत सेटवरही सगळे त्यांना आबाच म्हणायला लागले होते. सुरुवातीला त्यांच्याशिवाय कथेचं पान हलत नसे. मग सून आली, सुनेची जाऊ आली, जावेची जुळी बहीण आली आणि आबा मागे सरकत सरकत सोफ्याच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्राआड गेले. आता आठवड्याला दोन वाक्यं. त्यातलं एक बहुधा ‘अगं, चहा झाला का?’

तरीही तो कोपरा सोडायची त्यांची तयारी नव्हती. या मालिकेआधी ते तीन वर्षं घरी बसून होते. फोन वाजला की बायको आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग फोनकडे. ते दिवस त्यांना पुन्हा नको होते.

मेकअपमनने हळू आवाजात बातमी पुरवली. निर्मात्यांना आबा चालत होते, पण लेखिकाबाईच हटून बसल्या होत्या. आबा गेले तरच मालिकेत जीव येईल, असं त्यांनी मीटिंगमध्ये ठासून सांगितलं होतं म्हणे. आबांना त्यात नवल वाटलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी बाईंची वाक्यं कॅमेऱ्यासमोर आपल्या मर्जीने फिरवली होती, तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. लेखिकाबाईच होत्या.

“आबा, सीन तेवढा करून टाका. झाला की मग बोलू. आत्ता, इथे, मला काही बोलता यायचं नाही.”

“मेलेल्या माणसाशी काय बोलणार, बाई?”

बाहेर पॅसेजमध्ये उभं असलेलं कुणीतरी फिसकन हसलं. बाईंच्या चपलांचा आवाज लांब गेला. आबांना बरं वाटलं.

नंतर दिग्दर्शक येऊन गेला. त्याने आधी विनवलं, मग कराराची आठवण करून दिली, मग दारावर लाथ मारली. सुनेचं काम करणारी मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की माणसाला आपली वेळ झालेली कळली पाहिजे. आबांनी आतूनच तिला डोळ्यांत ग्लिसरीन न घालता एकदा रडून दाखवायला सांगितलं.

त्यांना घाई नव्हती. हाताशी एकही जादा भाग शिल्लक नव्हता. आज शूट झालेलं आज संध्याकाळीच दाखवायचं होतं. कडी घालतानाच त्यांनी हे हेरलं होतं.

साडेअकराला निर्माता स्वतः आला. त्याच्यासाठी कडी निघाली. तो स्टुलावर बसला आणि काय हवंय ते एका वाक्यात सांगा म्हणाला.

“लेखी हवंय,” आबा म्हणाले. “वर्षभर आबा मरणार नाहीत, गावाला जाणार नाहीत आणि कोमातही जाणार नाहीत.”

निर्मात्याचे कान लाल झाले. त्याने घड्याळ पाहिलं. देतो म्हणाला, पण त्याचीही अट होती. भर शूटिंगमध्ये त्याला वेठीला धरलं होतं, तेव्हा आता आबांनीही बांधून घ्यायचं. वर्षभर ही एकच मालिका. दुसरीकडे एक दिवसही नाही, पाहुणा म्हणूनसुद्धा नाही.

आबांना हसू दाबावं लागलं. दुसरीकडून त्यांना बोलवत होतं कोण? चार वर्षांत कुणी हाकही मारली नव्हती. ऑफिसातून कागद छापून आला तसा त्यांनी तो न वाचताच सही करून परत दिला आणि उरलेला अर्धा चेहरा मेकअपमनपुढे केला.

लेखिकाबाईंनी सेटच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दहा मिनिटांत सीन बदलून दिला. आबा उठतात, छातीवर हात ठेवतात, घरातले सगळे धावतात, आबांना ढेकर येते. आबांनी तो एका टेकमध्ये केला. टाळी कुणीच वाजवली नाही. दिग्दर्शकाने त्यांच्याकडे न बघता पुढचा सीन लावायला सांगितला.

जेवणाच्या सुट्टीत आबा मुद्दाम पॅसेजमधून गेले. बाई एकट्याच भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात फोन होता. आबांनी सकाळपासून जपून ठेवलेलं वाक्य काढलं.

“आता वर्षभर तरी पेनाला टोपण घालून ठेवा, बाई.”

बाईंनी दोन्ही बाजूंना नजर टाकली. पॅसेज रिकामा होता.

“सोमवारी दुसऱ्या वाहिनीवर माझ्या नव्या मालिकेचं शूटिंग सुरू होतंय,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. “नायक साठीचा आहे. प्रत्येक सीनमध्ये तो. तुम्हालाच घ्या म्हणून मी सहा महिने त्या वाहिनीवाल्यांशी भांडले. इथून मोकळे झाल्याशिवाय तुम्हाला एक अक्षर सांगायचं नाही, एवढीच त्यांची अट होती.”



बाईंनी नंबर लावला आणि फोन कानाला धरला.

“त्यांना कळवते,” त्या म्हणाल्या, “आबा जिवंत आहेत म्हणून.”