घरात घालायची चप्पल

संडासातून सर्जेराव बाहेर आला, तेव्हा त्याच्या पायात दैवशालाची चप्पल होती.

फचाक् फचाक् करत तो हॉलकडं निघाला. त्याच्या टाचा दोन बोटं मागं लोंबत होत्या आणि जांभळ्या मऊ पट्ट्यावरून पाणी ठिबकत होतं. दैवशाला ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. भाकरी काठाला चिरली.

ती चप्पल अक्षतानं दिवाळीला आणलेली. दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं आईची टाच दाबून पाहिली होती आणि दटावलं होतं, "आई, आता अनवाणी फरशीवर पाऊल टाकायचं न्हाई. बिछान्यातून उठली की पह्यली चप्पल." दैवशालानं पाय आत सरकवले तेव्हा तिला हसूच फुटलं होतं. इतकं मऊ तिच्या पायाखाली आजवर काही आलं नव्हतं. ती घालूनच ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली, आणि तिथं नवऱ्याचा आवाज आडवा आला, "तिथं देव हायती."

तेव्हापासून चप्पल उंबऱ्याबाहेर. घरात घालायची खरी, पण दैवशालाचं घर म्हणजे उंबऱ्याच्या आतलं तेवढं. पहाटे पाचपासून ती त्या गार फरशीवर उभी असायची. टाचेत कुणी खिळा ठोकतंय असं व्हायचं. मग या पायावरून त्या पायावर, बगळ्यासारखी. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णासुद्धा हातात पळी घेऊन बसलेली होती, उभी नव्हती. पण दैवशाला कधी बोलली नाही. देवाचं ते देवाचं, हे तिलाही पटत होतं. संक्रांतीला अक्षता आली की तीच बापाशी बोलेल, काहीतरी वाट काढेल, एवढ्यावर तिनं दोन महिने ढकलले होते.

उंबऱ्याला लागूनच संडासचं दार होतं.

"भाऊजी, ती चप्पल माझी हाय."

"आसं व्हय?" वडीगोद्रीहून सकाळीच आलेला दीर खाली बघत म्हणाला. "दारातच पडली व्हती, मी म्हणलं संडासची हाय. पर लई मऊ हाय वो वैनी. भाजलेल्या वांग्यावर पाय दिल्यावानी वाटून राह्यलं."

सोफ्यावर बसलेला तिचा नवरा रामप्रसाद खदखदून हसला. त्याच्या पायात बाहेरची चामडी चप्पल होती आणि पाय टीपॉयवर. हॉलमध्ये देव नव्हते.

"घाल रे बिनधास्त. मी बी रोज तीच घालतो."

म्हणून ती रोज सकाळी ओली. दैवशालाला वाटायचं, आपल्याच हातून पोछ्याचं पाणी सांडतंय. ती मुकाट्यानं उन्हात ठेवायची.

"तुमी बी? संडासात?"

"मंग? घरातली चप्पल म्हंजे घरातल्या समद्यांची. पाव्हण्यासमोर तुझं-माझं काय करून राह्यली? भाकरी बघ, जळून राह्यली."

"संडासात चालती. आन् मी ओट्याम्होरं घातली तं चालत न्हाई."

"आता तं बिलकुलच न्हाई चालणार," रामप्रसाद म्हणाला. आपलं बोलणं किती बराबर आहे ते त्याला बोलता बोलताच पटलं. "संडासची चप्पल सैपाकघरात नेती का कुणी? तूच सांग."

तोच तर राग होता. ज्या चपलेला उंबऱ्याच्या आत यायची निदान आशा होती, तिला या दोघांनी हसत हसत कायमची बाटवली होती. आणि विचारत कुणाला होते, तर तिलाच.

भाकरी जळाली. दैवशालानं ती जळू दिली, मग गॅस बंद केला.

"काढा, भाऊजी."

"आवो, पर..."

"काढा म्हणते ना!"

सर्जेरावनं अशी काढली, जशी काही ती चावतच होती. दैवशालानं ती उचलली, मागच्या नळावर नेली, कपड्याच्या ब्रशनं घासली. वरून घासली, खालून घासली, वर आंघोळीचं कढत पाणी ओतलं. मग चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवून स्वतःचे हातपाय धुतले आणि अनवाणी आत गेली.

बाहेर दोघांना घंटा किणकिणल्याचा आवाज आला.

ती देव्हारा दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आली. लंगडत. देव जागच्या जागी होते, फक्त बाळकृष्ण जरा तिरका झाला होता. टीव्हीच्या कपाटावरची रामप्रसादची बक्षिसाची ढाल तिनं कोपरानं बाजूला सारली, पदरानं जागा पुसली, देव्हारा ठेवला, बाळकृष्ण सरळ केला. निरांजन लावलं. हात जोडले.

"आगं, डोकं ठिकाणावर हाय का? हे काय करून राह्यली?"

"देवांना हॉलमधी आणलं," दैवशाला म्हणाली. "हितं उजेड हाय, पंखा हाय, माणसांची ऊठबस हाय. आत आता मीच हाय यकली."

तिनं ओली चप्पल पायात घातली आणि उंबरा ओलांडला. फचाक् फचाक् करत ती ओट्यापर्यंत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग भाकरी थापल्याचा, नेहमीपेक्षा जरा मोठा.

हॉलमध्ये सर्जेराव अनवाणीच होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. रामप्रसादनं देवांकडं बघितलं, मग टीपॉयवरच्या आपल्या पायांकडं. पाय हळूच खाली घेतले. वाकून चामडी चप्पल काढली, हातात घेतली, आणि ती आता कुठं ठेवावी ते न कळून तसाच उभा राहिला.

फरशी गार होती.