दंडाचं माप

शिवकन्या आपल्या पायानं अंगणवाडीत आली, आणि पंचशीलाच्या हातातला खिचडीचा डाव तसाच वर राहिला. "आगं माय! तू?" एवढंच तिच्या तोंडातून निघालं.

आश्चर्य वाटणारच. या बाईच्या दारात पंचशीलानं चार महिने चपला झिजवल्या होत्या. इस्लापूरच्या अलीकडची ती वस्ती. सगळी मिळून तीस घरंही नाहीत. पण या एका घरानं अंगणवाडीच्या बाईला जेवढं दमवलं, तेवढं बाकी सगळ्यांनी मिळून नाही. शिवकन्याची सासू केवळाबाई दारातच आडवी यायची. लेकराचं वजन केलं की नजर लागते, अंगावरचं मांस उतरतं, असं तिचं ठाम मत. "काट्यावर घालून तोलायला माझी नात काय सोयाबीन हाय?" असं म्हणून तिनं एकदा वजनकाटा उचलून रस्त्यावर ठेवला होता. पंचशीला काटा घेऊन मुकाट घरी गेली, आणि पुढच्या आठवड्यात परत दारात हजर. नाही म्हटलेलं तिला ऐकूच यायचं नाही, त्याला कोण काय करणार?

आणि ऐकून तरी कसं भागावं? नात कार्तिकी चौदा महिन्यांची झाली तरी धरून उभी राहत नव्हती. पायाच्या काड्या, पोट तेवढं पुढं. रडायची तेही दमून दमून. मागच्या वर्षी याच वस्तीतलं एक लेकरू असंच घरात झाकून ठेवलं होतं. साध्या जुलाबानं दोन दिवसांत गेलं. रजिस्टरमधलं त्याचं नाव पंचशीलालाच खोडावं लागलं. आता काही झालं तरी दुसरं नाव खोडायचं नाही, हे तिनं तेव्हाच मनाशी घट्ट केलं होतं.

मार्ग सापडला तो शेजारच्या व्यंकटीच्या पोरामुळं. दंडाला गुंडाळून माप घ्यायची एक पट्टी असते. हिरवं आलं तर बरं, पिवळं आलं तर सांभाळा, लाल आलं तर जिवाला धोका. व्यंकटीचं पोरगं लाल निघालं. पंचशीलानं भांडून, हातापाया पडून त्याला आणि त्याच्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन घातलं. चौदा दिवसांनी पोरगं आलं ते गालावर मांस घेऊनच. अख्खी वस्ती बघायला लोटली. शिवकन्यानंही कुडावरून मान उंच करून पाहिलं.

तवा तापलाय तोवर भाकरी भाजून घ्यावी, तसं पंचशीलानं केलं. सासू शेतात गेलेली बघून ती शिवकन्याच्या घरात शिरली आणि तोंडाचा पट्टाच सुरू केला. "दूध, अंडी, औषध, समदं तिथं. डॉक्टर रोज बघतो. आईलाबी दोन टाईम जेवण हाय. लाल निघाली की त्याच दिवशी गाडी बोलावते बघ, माझा शब्द हाय!"

शिवकन्यानं पहिल्यांदाच लेकीचा दंड पुढं केला. माप पिवळं आलं.

"पिवळ्याला न्हाई नेता येत," पंचशीला म्हणाली. "खाटा थोड्या हायत, लालच घेतात. हिला घरीच सांभाळ. ही अंगणवाडीच्या खाऊची पाकिटं घे, शिजवून दिवसातून पाच वेळा भरव."

शिवकन्यानं पाकिटं पदरात बांधली. दार उघडलं होतं ना! त्या दिवशी पंचशीला नवऱ्याला सांगत सुटली, की दगडाला पाझर फुटला.

त्याला आज तीन आठवडे झाले, आणि शिवकन्या न बोलावता दारात उभी.

"सासूबाई?"

"त्यांना तोंडावर सांगून आले. म्हणलं, माझं लेकरू हाय."

 पंचशीलाचा चार महिन्यांचा शीण कुठल्या कुठं गेला. तिनं चटई पसरली, लेकराला जवळ घेतलं. कार्तिकी चटकन खांद्यावर मान टाकून पडून राहिली. जरा जास्तच हलकी वाटली. पंचशीलानं डाव्या दंडाला पट्टी गुंडाळली आणि वाकून माप बघितलं.

पिवळंच होतं. अगदी काठावर, लाल एका रेघेवर, पण पिवळंच.

"सुटलो बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "लाल न्हाई झाली. अजून पिवळ्यातच हाय."

शिवकन्याचा चेहरा पडला.

"पण माप उतरलं कसं गं? ताप आला होता? जुलाब?"

"न्हाई."

"पाकिटं खात न्हाई का?"

"खाती. मागून मागून खाती."

"मंग?"

शिवकन्यानं लेकीला ओढून पदराखाली घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण आवाज शांत होता. शहाण्या माणसाला सल्ला विचारावा तसं तिनं विचारलं, "काळजावर दगड ठेवून तवापासून हिला निम्मंच खायला देऊन राहिले, ताई. लाल व्हायला अजून किती दिस उपाशी ठेवू?"