सुनेची तपासणी

"हात पाहा तिचा," कौशल्याबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "घरी दहा माणसाचा सैपाक करते, हात हालत नाही. अन् पाहुण्यासमोर कप धरला का थरथर सुरू."

रागिणीनं हात ओढणीखाली घेतले. मागच्या आठवड्यात दिराच्या साखरपुड्यात तिच्या हातून चहा सांडला, छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं आणि चिठ्ठी देऊन अकोल्याला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सासू सोबत आली.

"कप हातात आला की मनात काय येतं?" डॉक्टरीणबाईंनी रागिणीला विचारलं.

रागिणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "सगळे माह्याकडंच पाहून राहिले असं वाटते. सांडलं तं हसतीन. म्हणून मी कोणाच्या घरी जातच नाही. लोक म्हणतात, नोकरदाराची पोरगी, लय माज आहे."

"माज नाही, आजार आहे हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील याची भीती थोडीफार सगळ्यांनाच असते. तुमची इतकी वाढली की जगणंच अडलं. बोलून, सरावानं ती कमी होते. गरज पडली तर औषध देऊ."

"असं आणखी कोणाले होते का?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"पुष्कळांना. बरेच जण सांगतच नाहीत."

कौशल्याबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"मी कधी पंगतीत बसली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "लग्न असो का तेरवी. वाढाले मी सगळ्याइच्या पुढं. लोक म्हणत, कौशल्या कामाले वाघीण आहे. पण चार जण पायत असले का मले घास गिळवेच ना."

"मग जेवायच्या कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोठीच्या खोलीत. सगळे गेल्यावर. भिंतीकडं तोंड करून."

रागिणीनं मान वर करून सासूकडे पाहिलं. चौदा वर्षं एका घरात राहूनही ती बाई तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा, कोरा केसपेपर पुढे ओढला. "आई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

कौशल्याबाईंचे ओठ हलले, आवाज फुटेना.

रागिणी खुर्ची सरकवून पुढे झाली. "लिहा, म्याडम," ती म्हणाली. "कौशल्या नत्थुजी गावंडे. वय त्रेसष्ट."