कॅरव्हॅन विकणे आहे

इंद्रजीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, तेव्हा द्वारकाबाई कॅरव्हॅनच्या आतल्या बाकाखाली अर्ध्याअधिक शिरल्या होत्या. दारातून फक्त त्यांचे पाय दिसत होते. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांचे यजमान रामदास बसले होते.

“काका, नेटवर जाहिरात बघितली. सकाळी फोन केला होता.”

“या. गाडीमागे जोडायची, ओढत न्यायची. आत दोन बिछाने, ओटा, पंखा, सगळं आहे. पण आधीच सांगतो, बॅटरी भरवशाची नाही.”

“नव्हती,” बाकाखालून आवाज आला. “भूतकाळ वापरा.”

इंद्रजीत हसला. तो आयटीतला, हडपसरलाच राहणारा. शनिवार-रविवार भाड्याने द्यायला त्याला अशी कॅरव्हॅन हवी होती. गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा माणूस मात्र तो पहिल्यांदाच बघत होता.

रामदासांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होता. नाकावर मास्क लावून, मशीनच्या हवेवर ते झोपायचे. गेल्या हिवाळ्यात भंडारदऱ्याला कॅरव्हॅनची बॅटरी उतरली, मशीन बंद पडलं आणि ते गुदमरून जागे झाले. उरलेली रात्र त्यांनी पुढच्या गाडीत, ब्लँकेट गुंडाळून, बसून काढली. तेव्हापासून ते घरीसुद्धा मध्येच उठून मशीनचा दिवा बघायचे. सांचीला जायचं दोघांनी निवृत्तीआधीपासून ठरवलं होतं. तो विषय त्यांनी बंद केला आणि जाहिरात टाकली.

द्वारकाबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “विका. पण मी दुरुस्त केल्यावर. सदोष माल मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.” टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची खोली सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली होती. शहराचे फोन त्यांनी कधी बंद पडू दिले नव्हते.

त्या हात पुसत बाहेर आल्या. “बघा, दोष बॅटरीचा नव्हताच. गाडी चालताना तिच्या इंजिनावर ही बॅटरी भरायची. पण मधली वायर लांब आणि बारीक, त्यामुळे इथवर वीज पोचेपर्यंत तिचा जोर संपायचा. दिवसभर गाडी हाकली तरी बॅटरी अर्धी उपाशी. आता वायर जाड घातली आणि बॅटरीशेजारी हा नवा चार्जर बसवला. आलेली वीज तो वाढवून देतो. बॅटरीही लिथियमची घेतली. सकाळी लोणी काळभोरच्या पुढे जाऊन आले. परत येईपर्यंत फुल.”

“काकू, तुम्ही स्वतः केलंत?”

“मग कुणी करायचं? यांनी?”

“मीटरवरची पट्टी फुल दाखवते,” रामदास म्हणाले. “भंडारदऱ्यालाही दाखवत होती.”

“झोपून बघा मग.”

“आत्ता? हे आलेत.”

“यांनाही कळू दे काय विकत घेतायत ते.”

रामदास तिरीमिरीत उठले. मशीन घरून आणलं, बिछान्याशी लावलं, चष्मा काढला. मास्कचा पट्टा ओढत इंद्रजीतला म्हणाले, “दहा मिनिटं थांबा. बंद पडलं की भाव कमी करून मागा.”

द्वारकाबाईंनी भिंतीच्या प्लगमधून कॅरव्हॅनची वायर काढली आणि ती इंद्रजीतच्या हातात दिली. “धरा. म्हणजे शंका नको.” मग पंखा लावून दार ओढून घेतलं.

दोघं बाहेर बसले. आतून हवेचा बारीक, एकसारखा आवाज येत होता. इंद्रजीतने जोडणीबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, द्वारकाबाईंनी उत्तरं दिली. पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. एकदा आतून बिछाना करकरला तशा त्या अर्ध्या उठल्या. काही झालं नाही. त्या परत बसल्या. मग वर जाऊन चहा घेऊन आल्या. चहा संपला. शाळेची बस येऊन मुलं उतरली, आरडाओरडा करत जिन्यात शिरली. आतला आवाज तसाच.

इंद्रजीतने घड्याळ बघितलं. “काकू, काका...?”

द्वारकाबाईंनी दार जरासं उघडलं. रामदास कुशीवर वळले होते. तोंड भिंतीकडे, एक पाय बिछान्याबाहेर. मशीनचा दिवा त्यांच्या पाठीमागे होता, त्यांना दिसण्यासारखा नव्हता.

द्वारकाबाईंनी आवाज न करता दार पुन्हा लावलं.

“बेसिकली सिस्टीम एक नंबर आहे,” इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला. “जाहिरातीतला भाव मला मान्य आहे. ॲडव्हान्स आत्ताच देतो.”

“मालक ते आहेत. उठू दे.”

ऊन पार्किंगच्या कोपऱ्यात सरकलं तेव्हा दार उघडलं. रामदास पायरीवर उभे राहिले. केस उभे, नाकावर मास्कचा लाल वळ. डोळे चोळत त्यांनी आधी आकाशाकडे आणि मग बायकोकडे बघितलं.

“किती उरलीय?”

“ब्याण्णव टक्के.”

“पंखा धरून?”

“पंखा धरून.”

ते पायरीवरच बसले. एक लांब जांभई दिली. “सांचीला वाटेत दोन रात्री लागतील, नाही?” ते बायकोला म्हणाले. मग वायर हातात धरून बसलेल्या इंद्रजीतकडे त्यांचं लक्ष गेलं.

“अहो,” ते म्हणाले, “तुम्ही अजून इथेच?”